मेंढरांमागचा माणूस

‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय’ असं कुणी ठणकावून सांगितलं की माझ्या तोंडून निघतंच, मग काय शेजारणीच्या डोळ्यांनी बघणार होतात? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे हे वाक्य रोज कानावर पडतं. डबा कुणी सांडला, चप्पल कुणी पळवली, प्रत्येक गुन्ह्याला दोन साक्षीदार, आणि दोघांचे आरोपी वेगळे. पूर्वी मी त्यांतल्या एकाला खोटारडा ठरवून मोकळी व्हायचे. आता तसं करत नाही. सोबतच्या बाई म्हणतात, तुम्ही फार संशयी झालात. झाले खरी, पण माणसांबद्दल नाही, डोळ्यांबद्दल. आणि त्याला कारण माझी आत्या, जिच्याइतकी खरं बोलणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही.

आमची वस्ती चौसाळ्यापासून बरीच आत, डोंगराच्या उतारावर आहे. हायवेवरच्या गाड्या ऐकू येतात, दिसत नाहीत. वडील शेती बघतात आणि मेंढरं आत्या बघते. ती वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या आल्या तिनं मेंढरं ताब्यात घेतली, ती आजतागायत सोडलेली नाहीत. सगळी वस्ती तिला अक्का म्हणते. मी एकटी आत्या म्हणते, कारण भाची एकटी मीच आहे आणि तो हक्क मी कुणाला देत नाही.

मेंढरं ओळखण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. पलीकडच्या टेकाडावरून कळप चालला की आपल्याला नुसती धूळ दिसते. आत्या डोळ्यांवर हात धरायची आणि म्हणायची, ‘चालला बग तुजा मामा, आज उशीर केला त्येनं.’ मामाचं तोंड दिसायला मामा अजून फार लांब असायचे. पण मेंढरांच्या पाठीवरचा रंगाचा पट्टा, पुढं चालणारी शेळी, कुत्रं, कळप पसरून चालतो की एका रेषेत, एवढं तिला पुरायचं. आमच्यात सगळेच असं ओळखतात. मेंढरं दिसली की माणूस दिसला. यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आमच्या वरच्या अंगाला आणखी एक वस्ती आहे. तिथल्या एका मेंढपाळाशी आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण कशावरून, तर कुत्र्यावरून. त्याच्या एककानी कुत्रीनं आमचं कोकरू धरलं, वडील बोलायला गेले, तो म्हणाला, ‘तुमचं कोकरूच माज्या कुत्रीच्या तोंडात गेलं.’ तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी दोन्हीकडची माणसं आभाळाकडं बघत. मला तर तो माणूस मुळीच आवडायचा नाही. तोंडाळ, तिरका, आणि हसला की जास्तच राग यावा असा.

आणि खाली ओढ्याच्या काठाला अण्णांचा मळा. अण्णा आमच्यातले नव्हेत, शेतकरी घरातले, पण दर वर्षी रान मोकळं झालं की आमची मेंढरं त्यांच्या शेतात बसायची. कळप वावरात मुक्कामाला ठेवायचा, खताचं काम होतं, बदल्यात घरात ज्वारी येते. हे वडिलांच्या वडिलांपासून चालत आलेलं. त्या दिवसांत अण्णांच्या बायकोच्या हातची भाकरी आत्याला बांधावर पोचायची. आत्या त्यांच्या घरचं मीठ खाल्लेली बाई होती, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी हिवाळ्यात हरभरा घाट्यावर आला होता. दिवस कलत होता. आत्या ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडावर होती. तिला पलीकडं अण्णांच्या हरभऱ्यात मेंढरं शिरलेली दिसली. निळा पट्टा, पुढं पांढऱ्या तोंडाची शेळी, कडेला एककानी कुत्री. अण्णा ओरडत बांधावरून येत होते. मेंढरांच्या मागं घोंगडी डोक्यावरून घेतलेला माणूस होता. दोघांची झटापट झाली, काठी वर गेली, आणि अण्णा बांधाच्या आड दिसेनासे झाले. सूर्य त्या बाजूलाच होता. आत्या आपली मेंढरं तशीच टाकून उतारानं पळत सुटली. ओढा ओलांडून पोचेपर्यंत कळप टेकाडापलीकडं गेला होता. अण्णा हरभऱ्यात पालथे पडले होते. डोक्यातून रक्त येत होतं. तिनं पदर फाडून बांधला, मांडीवर डोकं घेतलं, हाका मारमारून माणसं गोळा केली. मधेच अण्णांनी डोळे उघडले, विचारलं, ‘कोण व्हतं गं?’ आणि आत्यानं वरच्या वस्तीवाल्याचं नाव सांगितलं.

पोलिसांनाही तिनं तेच सांगितलं. हवालदारानं विचारलं, ‘तुम्ही त्याला ओळखता?’ ती म्हणाली, ‘लेकरू हुता तवापून.’ जबाब झाला, अंगठा उठला. वरच्या वस्तीवाल्याला त्याच्या घरातून उचलून नेलं. तो ओरडून सांगत होता, मी गेवराईला बहिणीकडं गेलतो, मेंढरं मेव्हण्याच्या, बायकोच्या भावाच्या हवाली केलती. मेव्हणा म्हणाला, मी त्या दिवशी बाजारात होतो, मेंढरं मला कुणी दिलीच नाहीत. बहिणीनं सांगितलं, आला होता, पण बहीण भावाच्याच बाजूनं बोलणार. मोबाईल कुठं होता विचारलं तर घरी चार्जिंगला. वडील हसले. म्हणाले, ‘हातच्या काकणाला आरसा कशाला? अक्कानं पायलंय.’

मीही तेच म्हणाले. आमचा त्याच्यावर राग होता म्हणून नव्हे, किंवा फक्त त्यासाठी नव्हे. आत्या खोटं बोलत नाही हे आख्ख्या शिवाराला माहीत होतं. वैरी असूनही तिच्या शब्दावर वरच्या वस्तीतली माणसंसुद्धा गप्प झाली. ‘अक्का म्हणती म्हंजे असंल बाबा.’ त्याच्या बायकोचा भाऊ फिरला आणि आत्याचा शब्द उभा राहिला, तेव्हा त्या माणसाच्या बाजूला कुणीच उरलं नाही. जामीन व्हायला बरेच दिवस लागले. तोवर त्याच्या बायकोनं अर्धी मेंढरं विकली, कारण एकटीला आवरेनात. जामिनावर सुटून आला तो वाळून आला होता. पहिल्यासारखा हसताना मी त्याला नंतर कधी बघितलं नाही.

खटला उभा राहायला, जसं आपल्याकडं होतं तसं, खूप काळ गेला. दोन हिवाळे तर सरलेच. अण्णा बरे झाले, पण चालताना तोल जायचा, काठी आली. आमची मेंढरं दोन्ही वर्षी त्यांच्या रानात बसली. अण्णांची बायको सगळ्यांना सांगायची, ‘अक्का नसती तर कोणी केलं हे कळलंच नसतं.’ मग एके दिवशी आत्याच्या नावानं समन्स आलं.

ते आल्यावर थोड्याच दिवसांत आत्या तापानं पडली. वडील पाहुण्यांकडं गेलेले. रविवार होता, म्हणून मेंढरं न्यायची पाळी माझ्यावर आली. लहानपणी हे सगळं केलेलं होतं, पण शाळेत बाई झाल्यापासून हात नव्हता लागला. मी काठी घेऊन निघाले तर आत्या बाजेवरून म्हणाली, ‘घोंगडी घे माजी. न्हाईतर उधळतील, तुजा वास त्येंना ठावं न्हाई.’

हे आमच्याकडचं नेहमीचं. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करायची तर घोंगडीसकट करायची. मेंढरू माणसाचं नाव ओळखत नाही, घोंगडी ओळखतं. मी ती कुबट, जड घोंगडी डोक्यावरून घेतली, आणि खरंच, कळप गुमान मागं चालू लागला. दिवसभर उन्हात त्या लोकरीनं मान खाजून गेली. तळ्याकडं उतरताना रस्त्यावरून मोटारसायकल गेली. मागं गावातली किराणा दुकानवाली मावशी बसली होती. तिनं हात केला, ओरडून काहीतरी विचारलं. मी तोंड वळवलं. शाळेतली बाई मेंढरामागं फिरताना दिसली की दुसऱ्या दिवशी चौकशा सुरू होतात, त्या मला नको होत्या.

दोन-तीन दिवसांनी आत्याला बरं वाटलं, तेव्हा आम्ही दोघी सामान आणायला त्या दुकानात गेलो. मावशी गाल फुगवूनच बसली होती.

‘काय अक्का, आमच्यावर राग धरलाय का?’

‘कावून गं?’

‘परवा तळ्यापशी हाक मारली. बगितलंस माज्याकडं, आन् तोंड फिरवलंस. मला लई वाईट वाटलं.’

आत्याला कळेना. ‘परवा? परवा मी तापात निजलेली. ही गेलती मेंढरं घिऊन.’

मावशी आमच्याकडं बघून हसली, आम्ही थट्टा करतोय असं तिला वाटलं. ‘जा गं. मला काय दिसत न्हाई का? हिरवं लुगडं नेसलीवतीस. तोंडात तंबाकू हुती. खोकलीस बी. मी माज्या डोळ्यांनी पायलं, तुजंच तोंड हुतं.’

मी त्या दिवशी पिवळा पंजाबी ड्रेस घातला होता. तंबाखू मी कधी खाल्ली नाही. मी तसं सांगितलं. आत्या पोट धरून हसली. मावशीही हसली, पण तिला पटलं नव्हतं, हे दिसत होतं. साखर बांधता बांधता ती पुटपुटलीच, ‘असंल बाई. पर मी पायलं तर हाये.’

परत येताना मी तिच्या नकला करत होते. ओढ्याजवळ आले तर आत्या मागंच राहिलेली. बांधावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं परत ताप चढला. मी कपाळाला हात लावला तर तिनं तो बाजूला केला.

‘तिनं माजं तोंड पायलं म्हणती,’ ती म्हणाली.

‘तिला मोतीबिंदू झाला असेल.’

‘न्हाई. तिचे डोळे चांगले हायेत.’ मग तिनं पलीकडच्या अण्णांच्या रानाकडं बघितलं. ‘पोरी, मी त्येचं तोंड पायलं का?’

कोणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. मी चिडले. म्हणाले, तू काय बोलतेस, इतकी वर्षं सांगतेस, आता काय नवं खूळ? ती ऐकत नव्हती. तिनं डोळे मिटले. ‘आता बी दिसतंय तोंड. काठी वर उचललेली. दात आवळलेले. समदं दिसतंय. पर डोक्यावर गुलाबी फेटा हाय.’

‘मग?’

‘घोंगडी डोक्यावरनं हुती ना गं. फेटा कुठनं दिसंल? त्यो फेटा त्येनं पुतणीच्या लग्नात बांधलावता. आमी समोरासमोर आलतो. ते तोंड मी तवाचं आणलंय.’

मी तिच्या शेजारी बसले. खरं तर मला काय वाटलं ते सांगते: मला भीती वाटली. त्या माणसाचं वाळलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं, विकलेली मेंढरं आली. आणि लगेच अण्णांची काठी आली, त्यांच्या बायकोची भाकरी आली. आत्यानं आता शब्द फिरवला तर गाव काय म्हणेल, तेही आलं. आपल्याकडं साक्षीदार फिरला की तो भ्यालेला असतो नाहीतर विकलेला असतो. तिसरं कारण लोकांना माहीत नाही.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, ‘अक्का, मेंढरं त्येचीच हुती ना?’

‘त्येचीच.’

‘मंग त्योच हुता. दुसरा कोण त्येची मेंढरं घिऊन जाईल?’

‘ही गेली की माजी घिऊन.’

गप्प बसतील तर ते वडील कसले. ‘जबाब दिलाय त्यो दिला. अण्णांच्या तोंडाकडं बघ जरा. मीठ खाल्लंय आपण त्येंचं.’ आत्या म्हणाली, ‘त्येंचंच तोंड बघत बसले तर दुसऱ्याचं न पायलेलं तोंड कोर्टात कसं दावू?’ त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं बीडला गेलो. सरकारी वकिलांना भेटून आधी सांगावं, असा माझा आग्रह होता. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग, समोर माणसांची रांग. भला माणूस होता, पण त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आत्यानं घोंगडीपासून सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, ‘आजी, एवढं लांबण लावू नका. तुम्ही तिथं होतात, पाहिलंत, तेवढंच सांगायचं.’ आत्या ‘बरं’ म्हणाली. मला वाटलं ती वाकली. मनातून मला थोडं हायसंही वाटलं, ते का लपवू?

अण्णांची साक्ष आधी झाली. आत्याला बाहेर बसवलं होतं, मी आत होते. अण्णा पिंजऱ्यात काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. आवाज बारीक, पण शब्द ठाम. त्यांनी सांगितलं, मेंढरं हाकलायला गेलो, झटापट झाली, मी मागं वळलो, घोंगडीच्या आत त्याचं तोंड दिसलं, दात आवळलेले, मग काठी बसली. त्यांनी आरोपीकडं बोट केलं. नजर हटली नाही. वरच्या वस्तीवाला धुतलेल्या कपड्यांत उभा होता. त्यानं मान खाली घातली. त्याची बायको दाराशी पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, संपलं, अण्णांनी स्वतः तोंड पाहिलंय, आता आत्यानं काही सांगितलं तरी काय फरक पडतो?

मग आत्याला बोलावलं. तिनं देवाची शपथ घेतली. सरकारी वकिलांनी दिवस, जागा, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘मारणारा माणूस कोण होता? तो आज कोर्टात हजर आहे का?’

आत्या म्हणाली, ‘मेंढरं ह्येची हुती. कुत्री बी ह्येची.’

‘मी माणसाबद्दल विचारतोय.’

‘माणसाची घोंगडी पायली. काठी पायली. तोंड पायलं न्हाई.’

वकिलांनी कागद खाली ठेवला. परवानगी घेऊन त्यांनी तिला फितूर ठरवलं आणि उलटं विचारू लागले. तुम्हाला धमकी दिली का? आत्या म्हणाली, ‘आमचं त्येचं बोलणंच न्हाई, धमकी कशी दील?’ मागं कुणीतरी हसलं. तुम्ही आरोपीला वाचवायला बघताय. ‘न्हाई साहेब. मला त्यो माणूस आवडत न्हाई.’

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘आजी, मग पोलिसांना तुम्ही याचं नाव का सांगितलंत?’

पिंजऱ्याची कड आत्यानं घट्ट धरली होती. ‘बाईसाहेब, आमी माणूस असाच वळखतो. मेंढरं दिसली का त्यांचा धनी दिसतो. मला त्यो दिसलावता. मी लबाड बोलले न्हाई. पर मेंढरं दुसऱ्याला दिली तर घोंगडी बी देत्यात, हे मला ठावं असून त्या टायमाला ध्यानात आलं न्हाई. त्यो असंल. नसंल बी. मला म्हाईत न्हाई.’

एवढं बोलून तिनं डोळे पुसले. मीही पुसले. ती पिंजऱ्यातून उतरताना वरच्या वस्तीवाल्यानं पहिल्यांदा वर बघितलं. आभार नव्हते त्याच्या डोळ्यांत. तो फक्त बघत होता, बऱ्याच दिवसांनी उजेडात आलेला माणूस बघतो तसा. बाहेर अण्णांची बायको बाकावर होती. आत्या तिच्याजवळ गेली तर ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

पुढं तो सुटला. निकालात काय काय लिहिलं ते मला नीट कळलं नाही. वकिलांनी एवढंच सांगितलं, दोघांतला एक साक्षीदार गेला, मेव्हण्याच्या बोलण्यातही मेळ नव्हता, शंकेचा फायदा मिळाला. मेव्हणा त्याआधीच घरदार उचलून गोदावरीकडं निघून गेला होता. त्यानं मारलं की यानं, हे आजही कुणाला माहीत नाही. निदान आम्हाला नाही. वरच्या वस्तीवाला आमच्याशी अजूनही बोलत नाही. मध्यंतरी त्याच्या एककानी कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं एक आमच्या दारात कुणीतरी आणून सोडलं होतं. कुणी सोडलं ते आम्ही पाहिलं नाही, म्हणून मी काही म्हणत नाही.

गावात बोलायचं ते बोलले. भ्याली म्हणाले, म्हातारचळ म्हणाले. किराणावाली मावशी मात्र सगळ्यांना सांगायची, अक्कानं डोळ्यांनी पायलंवतं, मला ठावं हाय. त्या वर्षी अण्णांकडून मेंढरं बसवायचा सांगावा आला नाही. वडिलांनी वाट बघितली, मग दुसऱ्या एकाच्या रानात कळप नेला. तिथून येणारी भाकरी आत्याला गोड लागायची नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी अण्णा स्वतः आमच्या वस्तीवर आले. एकटे, काठी टेकत, ओढा ओलांडून. मी सुट्टीला घरी होते. आत्यानं बाज टाकली, मी चहा ठेवला. अण्णा मेंढरांकडंच बघत होते. मग म्हणाले, ‘आवंदा आणा मेंढरं. रान मोकळं झालंय.’

आत्यानं मान डोलावली.

‘अक्का, एक इचारू?’ अण्णा म्हणाले. ‘त्या दिशी तुज्या मांडीवर मी डोळे उघडले. मी तुला इचारलं, कोण व्हतं.’

‘इचारलंवतं.’

‘मला ठावं असतं तर मी कावून इचारलं असतं?’

चहाचं पातेलं माझ्या हातात तसंच राहिलं. ‘कोण व्हतं गं’ हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकून पाठ झालं होतं, पण त्याचा अर्थ मला कधी लागला नव्हता. कोर्टात लागला नाही, वकिलांना लागला नाही, आत्यालाही नाही.

‘झटापटीत घोंगडीखालचं तोंड दिसलं न्हाई, आन् काठी मागनं बसली,’ अण्णा म्हणाले. ‘तू नाव सांगितलंस. मंग दवाखान्यात पडल्या पडल्या हळूहळू दिसाया लागला. वळून बगतोय, घोंगडीत त्येचं तोंड. कोर्टात मी लबाड बोललो न्हाई, अक्का. मला दिसत हुता.’

आत्या त्यांच्या पायाशी खाली बसली होती. ‘माजी चूक झाली, अण्णा,’ ती म्हणाली.

‘चूक न्हवं गं. तू माजा जीव वाचवला.’ त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘पर तू तुजं कोर्टात ठिवून आलीस, मोकळी झालीस. मी माजं कुठं ठिवू?’

चहा झाल्यावर आम्ही दोघी त्यांना ओढ्यापर्यंत सोडायला गेलो. आत्यानं त्यांचा दंड धरला होता. उतारावर अण्णा एकदम थांबले. समोरच्या टेकाडावरून कळप चालला होता. ऊन तोंडावर येत होतं, तरी निळा पट्टा मलासुद्धा ओळखू आला. मागं घोंगडी डोक्यावरून घेतलेलं कुणीतरी होतं. अण्णांनी काठी उचलून तिकडं दाखवली.

‘त्योच हाय,’ ते म्हणाले.

आत्यानं डोळ्यांवर हात धरला. खूप वेळ बघितलं. ‘मेंढरं त्येची हायेत, अण्णा. माणूस कोण, ते हितनं दिसत न्हाई.’

‘मला दिसतो,’ अण्णा म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.